मला भाषण करता येत नाही, पण काहीतरी करायचंय

*ताई, मी एकेचाळीस वर्षांची आहे. लग्न होऊन जळगावहून नाशिकला आले, उंटवाडीला राहते. एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. घरामागे नंदिनी नदी आहे. पावसाळा सोडला तर तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. तपोवनातल्या झाडांसाठी लोक जमले तेव्हा मीही एका संध्याकाळी जाऊन उभी राहिले. बरं वाटलं. पण पुढे काय करायचं ते कळलं नाही. पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आहे, सगळीकडे नुसतं “जागे व्हा नाशिककर”. एका स्वच्छता मोहिमेला गेले, तर फोटो झाल्यावर निम्मे लोक निघून गेले. मला भाषण येत नाही, घोषणा द्यायची लाज वाटते. नवरा म्हणतो, राजकारणात पडू नकोस, पोलीस केस झाली तर नोकरीचं काय? सासूबाई म्हणतात, घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. मुलगा नववीत. रविवार आणि आठवड्यातली एखादी संध्याकाळ, एवढाच वेळ आहे. मी सुरुवात कुठून करू? की माझ्यासारखीने या भानगडीत पडूच नये?*
*– उंटवाडीची एक*

नमस्कार,

पडा या भानगडीत. सासूबाईंच्या म्हणीकडे नंतर येते, आधी कुठून ते बघू. घरामागून. तुमच्या गच्चीवरून नंदिनीचा जेवढा काठ दिसतो तेवढा, फार तर अलीकडच्या पुलापासून पलीकडच्या पुलापर्यंत. वर्षभर त्याच्या पुढे काही हातात घेऊ नका. तपोवनाला जाऊ नका असं नाही. हाक आली तर जरूर जा, उभ्या राहा, गर्दीत एक माणूस वाढतं तेही कामाचं असतं. पण तपोवन शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं काय चाललंय ते तुम्हाला दुसऱ्याच्या मोबाइलवरून कळणार. घरामागच्या नदीत रात्री कुणी राडारोड्याचा ट्रॅक्टर रिकामा केला, हे मात्र सकाळी दूध आणायला निघालात की डोळ्यांना दिसतं. असं बघणारी माणसं या शहरात कमी आहेत. घोषणा देणारी पुष्कळ आहेत, तुमच्या लाजेमुळे काही अडणार नाही.

तुम्ही विचारलंय, पुढे काय. तपोवनात काय झालं तेच आठवा. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून सतराशेहून अधिक झाडांबद्दलची नोटीस २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली. लोक रस्त्यावर आले, कलावंत आले, सगळ्या रंगांचे पुढारी आले, टीव्हीवर सगळं दिसलं. टीव्हीवर फारसं न दिसलेलं काम म्हणजे शेकडो नाशिककरांनी मुदतीत दिलेल्या लेखी हरकती. प्रकरण पुढे हरित लवादापर्यंत गेलं. अशा ठिकाणी किती लोक रडले याला किंमत नसते. कोणत्या तारखेला, कुणी, काय लिहून दिलं आणि त्यावर काय उत्तर मिळालं, हे विचारतात.

शहरातलं झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, ती त्या झाडावर चिकटवायची, आणि हरकत घ्यायला सात दिवस. सातच. आता तुम्ही सांगा, रस्त्याने जाताना झाडाला चिकटवलेला कागद आपण थांबून वाचतो का? “दहावी-बारावीचे क्लासेस” आणि “भाड्याने देणे” यांच्या गर्दीत तोही एक कागद. तुमच्या काठावरच्या झाडांवरचे कागद वाचायची सवय लावा. आणि हरकत लिहायची वेळ आली तर “माझा या वृक्षतोडीला तीव्र विरोध आहे” एवढंच लिहून थांबू नका, ते वाक्य त्यांच्या फायलीत शंभर वेळा असतं. झाड कोणतं, वड की उंबर की सुबाभूळ, खोडाचा घेर किती, त्यावर घरटी आहेत का, ते रस्त्याच्या आखणीत खरोखर मधोमध येतं की चार फूट बाजूला आहे, फोटो, आणि नोटिशीतला त्या झाडाचा क्रमांक. अशा हरकतीला उत्तर देताना अधिकाऱ्याला जागेवर जाऊन झाड बघावं लागतं. सुबाभूळ असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. सुबाभळीसाठी वडाएवढा गळा काढला की वडाच्या वेळी कुणी ऐकत नाही.

हे शहर चिकाटीच्या लढ्यांसाठी ओळखलं जातं, पण आपण त्यांतले पहिले दिवसच लक्षात ठेवतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. मंदिराच्या चारही दरवाज्यांवर सत्याग्रही बसले, त्यांत बायकाही होत्या. एवढं शाळेत शिकवतात. तो सत्याग्रह त्यानंतर काही वर्षं चालू राहिला हे किती जणांना माहीत असतं? डॉ. आंबेडकर मुंबईत, लंडनला गोलमेज परिषदेत. इथली बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं आज छापील मिळतात, त्यांत कामाच्या बारीकसारीक गोष्टी भरपूर आहेत. मिळाली तर वाचा. अगदी आपल्या काळातलं बघायचं तर मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा मोर्चा. नाशिकच्या सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून निघाला, सहा दिवस चालत मुंबईला पोचला. शेवटच्या रात्री मुंबईत झोपायच्या ऐवजी ते चालत राहिले, कारण सकाळी दहावीची परीक्षा होती आणि रस्ते अडले असते. हजारो माणसं अशी शिस्तीत चालतात, तेव्हा पाण्याचा टँकर कुठं उभा राहणार आणि रात्रीचं जेवण कुठं शिजणार याच्या याद्या आधी कुणीतरी बसून केलेल्या असतात.

तुम्ही त्या याद्या करणाऱ्या माणसांपैकी आहात. पत्रात तुम्ही “मला भाषण येत नाही” असं अपराध्यासारखं लिहिलंय आणि “पतसंस्थेत हिशेबाचं काम” एका ओळीत उरकलंय. मला उलटं वाटतं. थकबाकीदाराच्या मागे तुम्ही कशा लागता? आधी फोन, मग पत्र, मग नोटीस, प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाची तारीख. आवाज न चढवता. महापालिकाही नागरिकांची थकबाकीदारच आहे असं समजा आणि तुमचं रोजचं काम तिथं करा. चळवळीतल्या लोकांना या गोष्टीचा फार कंटाळा. उत्तम बोलणारा कार्यकर्ता मागच्या अर्जाची पोच कुठं ठेवली म्हटलं की पिशव्या चाचपायला लागतो.

आता नंदिनी. पहिली गोष्ट, अर्जात “नंदिनी (नासर्डी) नदी” असं दोन्ही लिहा, जुन्या कागदांत नासर्डीच सापडेल. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूने येते, उंटवाडी, मुंबई नाक्याकडून जाते आणि टाकळीजवळ गोदावरीला मिळते. तुमच्याकडे जे पाण्यात पडतं ते टाकळीला गोदेत जातं, म्हणून गोदावरीवर प्रेम असलेल्या माणसाने नंदिनीवर काम करणं यात कमीपणा काही नाही. रामकुंडावर आरतीला गर्दी असते, नंदिनीला आरती नाही.

नदी घाण आहे, ही तक्रार कुणाचीच नसते, कारण ती सगळ्यांची असते. तिचे तुकडे पाडावे लागतात. काठावर टाकलेला कचरा हा घनकचरा विभागाचा, म्हणजे तुमच्या भागाच्या स्वच्छता निरीक्षकाचा. गटारीचं पाणी थेट नदीत सुटत असेल तर मलनिस्सारण विभागाचं. पाण्याला रंग, फेस, रसायनाचा वास असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्यांचं कार्यालय सातपूरला उद्योग भवनात. पात्रात भराव किंवा बांधकाम असेल तर पूररेषेचा प्रश्न येतो, आणि पूररेषा आखायचं काम जलसंपदा खात्याचं: निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी नसते. (२००८ च्या सप्टेंबरमधला पूर ज्यांनी बघितलाय त्यांना या रेषा समजावून सांगाव्या लागत नाहीत. तुम्ही तेव्हा नाशिकला असाल नसाल, शेजाऱ्यांना विचारा पाणी कुठपर्यंत आलं होतं.) झाडं असतील तर उद्यान विभाग. एका अर्जात हे सगळं लिहिलंत तर प्रत्येक विभाग म्हणणार, आमचं नाही. आणखी एक गंमत: महापालिकेचे सहा विभाग आहेत, आणि अशा नदीचा एक काठ एका विभागात तर समोरचा दुसऱ्यात असू शकतो. तुमचा काठ कुणाकडे आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर पहिले दोन महिने चुकीच्या खिडकीसमोर जातात.

रसायनाच्या पाण्याची तक्रार इतरांपेक्षा अवघड आहे, म्हणून थोडं जास्त सांगते. अधिकारी येईपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं. त्यामुळे एक वही करा. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस होता की नाही, आदल्या रात्री पाऊस होता की नाही. फोटो काढताना पूल किंवा एखादी ओळखू येणारी इमारत चौकटीत येऊ द्या. हे रोज दोन मिनिटांचं काम आहे, दूध आणायच्या वाटेवरचं. तीन महिन्यांची वही झाली की तुम्हाला स्वतःलाच दिसेल, कोणत्या वारी, कोणत्या वेळी पाणी बदलतं. ती वही घेऊन प्रदूषण मंडळात गेलेली बाई आणि नुसता संताप घेऊन गेलेली बाई, दोघींना मिळणारी खुर्ची वेगळी असते. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, त्यात न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, उपाय सुचवायला सांगितलं. अशा याचिका उभ्या राहतात त्या जमवलेल्या कागदांवर, आणि ते कागद वकील जमवत नाहीत, काठावर राहणारी माणसं जमवतात.

अर्ज दोन प्रतींत न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. हे तुम्हाला सांगायला नको. महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली तरी चालते, ढिगारा उचलण्यापुरती ती बरी. पण “तक्रार निकाली काढली” असा संदेश येतो आणि ढिगारा तिथंच असतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट आणि त्याच दिवशीचा ढिगाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. नगरसेवकांकडेही जा. २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक होते, २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली आणि आता दार ठोठवायला माणूस आहे. बहुतेक प्रभागांत चार-चार आहेत. एकाला भेटलात तर तो म्हणेल, ते काम अमक्याकडे. त्यामुळे एकच पत्र चौघांना, एकाच दिवशी, आणि पत्रावर चौघांची नावं. मग चौघांनाही कळतं की बाकीच्या तिघांना माहीत आहे.

उत्तर नाही आलं की माहितीचा अधिकार. कायदा २००५ चा, अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, ते बरंच आहे, लोक निबंध लिहीत होते. “नदी स्वच्छ का होत नाही?” असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. असं लिहा: “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नंदिनी (नासर्डी) नदीच्या अमुक पूल ते अमुक पूल या भागातील स्वच्छतेसाठी दिलेले कार्यादेश व अदा केलेली देयके यांच्या छायांकित प्रती मिळाव्यात.” देयकं हातात आली की पुढचं तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, आकडे वाचणं हेच तुमचं काम. आणि एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. फाइल मागायची, तिथंच बसून वाचायची. अर्धा दिवस रजा टाकावी लागेल, पण महिनाभर पत्राची वाट बघण्यापेक्षा बरं. खिडकीवरच्या माणसाला हा निर्णय माहीत नसण्याची शक्यता आहे. प्रत सोबत ठेवा आणि भांडू नका, वाचायला द्या.

हे सगळं एकटीने करायचं का? नाही. एकटी बाई चार महिन्यांत दमते, किंवा तिला “ती नदीवाली बाई” म्हणायला लागतात, आणि ते दोन्ही वाईट. पण नवी संस्था काढू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. नाव काय ठेवायचं, अध्यक्ष कोण, बोधचिन्हात मोर की थेंब, यात सहा महिने जातात आणि त्या सहा महिन्यांत नदीला दोन ट्रक भराव पडतो. शहरात काम करणारी माणसं आहेत, त्यांत जा. सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकांनी देवराई वाढवलीय, तिथं रविवारी पाणी घालायला, गवत काढायला हात लागतात. गणपतीत अनंत चतुर्दशीला घाटांवर मूर्ती आणि निर्माल्य जमा करणारी कॉलेजची पोरं असतात, त्यांना मोठ्या माणसांची फार गरज असते, कारण भाविक पोरांचं ऐकत नाहीत पण तुमच्यासारख्या काकूचं ऐकतात. झाडांना ठोकलेले खिळे काढणारे गट आहेत. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला जाणारे आहेत. नदीशी थेट संबंध नसला तरी चालेल, तुम्हाला तिथं तुमच्यासारखे दोघे-तिघे भेटले की झालं.

कोणता गट धरायचा हे ओळखायची माझी एक रीत आहे. कार्यक्रम संपल्यावर थांबा. फोटो झाल्यावर निम्मे लोक गेले म्हणून तुम्ही नाराज झालात, पण उरलेले निम्मे कोण होते ते बघितलंत का? सतरंज्या कोण गुंडाळतं, हातमोजे कोण मोजून पिशवीत भरतं, घंटागाडीवाल्याला फोन कोण करतं. तुमची माणसं ती. पुढच्या वेळी बॅनरकडे न जाता त्यांच्याकडे जा आणि विचारा, गोळा केलेला कचरा कुठं गेला? ज्याला हे माहीत असतं त्याच्याशी मैत्री करावी. फोटोंचा मला तुमच्याइतका राग नाही, खरं सांगायचं तर. फोटोमुळे पुढच्या खेपेला दहा जण जास्त येतात, आणि प्रायोजकाला बॅनर लागतोच. राग येतो तो दर महिन्याला त्याच जागी तोच कचरा उचलून तेच टी-शर्ट घालून तोच फोटो काढणाऱ्यांचा. तिसऱ्या वेळी तरी विचारावं ना, हा येतो कुठून?

पैशांचं बघा. वर्गणी कुणाच्या खाजगी खात्यात, कुणाच्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर जाते आहे का? हिशेब वर्षातून एकदा तरी सगळ्यांसमोर वाचतात का? नोंदणी नसलेल्या गटाने एखाद्या कार्यक्रमासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. तुम्ही हिशेबातल्या आहात हे कळल्याबरोबर तुम्हाला खजिनदार करायला धावतील. पहिलं वर्ष नाही म्हणा. जुना जमाखर्च नीट बघितल्याशिवाय त्या वहीवर सही करायची नाही, हा नियम तुम्ही नोकरीत पाळता तसा इथंही पाळा.

जळगावच्या असल्याने इथं परकं वाटत असेल, तर त्याला मोर्चापेक्षा कार्यक्रम बरे. मे महिन्यात गोदाघाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते, तिकीट नाही, उघड्यावर, नदीचा वारा. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, तिथं सभासद व्हा. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात तेव्हा तुम्ही आत उडी मारा असं मी म्हणत नाही, पण गल्लीतली माणसं मिळून एक परंपरा कशी चालवतात, कोण रंग उकळतं, कोण पोरांना आवरतं, हे बघण्यासारखं आहे. शहराशी ओळख अशी होते. पुढे कधी एखाद्या अर्जावर सह्या हव्या असतील तेव्हा याच ओळखी कामाला येतात.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अर्ज दिल्याने, हरकत घेतल्याने, माहिती मागितल्याने केस होत नाही. मोर्चात होऊ शकते. नाशिकला पोलीस आयुक्तालय आहे, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) व (३) खाली इथं मनाई आदेश वरचेवर निघतात, आणि ते लागू असताना विनापरवानगी जमाव किंवा मोर्चा हा गुन्हा ठरतो. त्यामुळे हाक आली की विचारायचं, परवानगी आहे का, कुणाच्या नावावर आहे? विचारल्यावर जो संयोजक चिडतो त्याच्या मोर्चाला जाऊ नका. पतसंस्थेतल्या नोकरीला सरकारी नोकरासारखे आचारनियम नसतील, तरी तुमचे सेवानियम एकदा वाचा, आणि तुमचे संचालक कोणत्या पक्षाचे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पतसंस्थेच्या लेटरहेडवर, पतसंस्थेच्या फोनवरून काहीही करायचं नाही. राजकारणाचं म्हणाल, तर नदीत भराव कोण टाकतो हा प्रश्न विचारला की राजकारण येतंच, त्याला इलाज नाही. पक्षाचा झेंडा हातात घ्यायचा की नाही, एवढंच आपल्या हातात असतं. निवडणुकीच्या तोंडावर कुणी शाल घालायला आलं तर हात जोडा आणि अर्जाची प्रत पुढे करा. यजमानांना एकदा त्या सोमवारच्या फाइल वाचायला सोबत न्या. मोर्चाचं भय असलेली माणसं कागदाला भीत नाहीत.

राहिल्या सासूबाई. त्या मूळच्या नाशिकच्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर तुमच्या घरात एक खजिना बसलाय आणि तुम्ही त्याच्याशी वाद घालताय. नासर्डीवर गोधड्या धुतलेल्या बायका अजून या शहरात आहेत. पाणी कुठपर्यंत यायचं, झिरा कुठं होता, पोरं कुठं पोहायची, कोणता ओहोळ येऊन मिळायचा आणि तो कुठल्या अपार्टमेंटखाली गेला, हे कुठल्याही कार्यालयात नसतं. एका रविवारी त्यांना पुलापर्यंत घेऊन जा, विचारा, लिहून घ्या. व्याह्याचं घोडं त्यांना स्वतःचं वाटायला लागलं तर आठवड्याची ती एक संध्याकाळ मागावी लागणार नाही. आणि मूळच्या नाशिकच्या नसतील, किंवा ऐकणारच नसतील, तर म्हण खरी आहे असं समजून चाला: घरचं खरंच असतं. मुलाच्या सहामाहीच्या आठवड्यात वही यजमानांकडे द्या, दहावीचं वर्ष आलं की काम निम्मं करा. वर्षभर निम्मं काम करणारी बाई मला तीन महिने झोकून देणाऱ्या पाच जणींपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

पाचपैकी चार ग्रुपमधून बाहेर पडा. कुठल्या चार? ज्यात गेल्या महिन्याभरात एकही तारीख, पत्ता किंवा अर्जाचा क्रमांक आलेला नाही, त्या.

या रविवारी करायचं काम एवढंच: दोन पुलांमधला काठ चालून यायचं, वहीच्या पहिल्या पानावर त्याचा हाताने नकाशा काढायचा, कचऱ्याचे ढीग, नदीत सुटणारी गटारं आणि मोठी झाडं त्यावर दाखवायची. गटार सुटतंय तिथं खूण लाल पेनाने करा, पहिला अर्ज त्याचाच द्यायचा आहे. उन्हाच्या आत निघा, पायात बूट घाला, त्या काठावर काचा फार आहेत. आवक क्रमांक मिळाला की मला कळवा, अपिलाची तारीख मीही माझ्याकडे लिहून ठेवते.